देणगीची पाटी आणि पगाराची चिठ्ठी

औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाला लागून असलेल्या एका वस्तीत गेल्या पावसाळ्यात आम्हाला बैठकीला बोलावले होते. वस्तीचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. तिथल्या निम्म्या घरांतली माणसे कुंपणापलीकडे कामाला जातात आणि उद्याही त्यांना जायचे आहे. बैठक विहाराच्या ओसरीवर होती. विषय एकच. जवळच्या एका कारखान्याने मंडळाच्या अभ्यासिकेला सहा संगणक, टेबल-खुर्च्या आणि वर्षभराचे विजेचे बिल देऊ केले होते. अट एवढीच की दारावर कंपनीच्या नावाची पाटी लागावी आणि उद्घाटनाच्या दिवशी वस्तीतील मुलांनी कंपनीचे टी-शर्ट घालून रांगेत उभे राहावे.

तरुण मंडळी खूश होती, आणि का नसावीत? स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरायचा तर दोन किलोमीटर जाऊन पैसे मोजावे लागतात. घरात एक मोबाइल आणि शिकणारी तीन पोरे. ठराव मांडला गेला, टाळ्याही पडल्या. तेवढ्यात मागे बायकांमध्ये बसलेल्या एक ताई उभ्या राहिल्या. त्या त्याच कारखान्यात नऊ वर्षे सफाईचे काम करतात. नोकरी मात्र कारखान्याची नव्हे, ठेकेदाराची. आणि नऊ वर्षांत ठेकेदार चार बदलले. ताई म्हणाल्या, "काँप्युटर द्या म्हणावं, पोरं शिकतील. पण मला नऊ वर्षांत पगाराची चिठ्ठी दिली नाही. पीएफ कापतो म्हणतात, कुठं भरतात ते कोण सांगत नाही. माझ्या पोराला कंपनीचा शर्ट घालून उभं करायचं, तर मी कंपनीची आहे का नाही ते आधी विचारा."

यावर कोणाला लगेच उत्तर देता आले नाही. आम्हालाही आले नाही. हा लेख त्या प्रश्नापोटी लिहीत आहोत.

पहिली गोष्ट, कंपन्या आजकाल वस्त्यावस्त्यांतून का येऊ लागल्या? एकाएकी त्यांच्या अंतःकरणाला पाझर फुटला असे नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा नक्त नफा ५ कोटींच्या वर आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान २ टक्के समाजकार्यावर खर्च केले पाहिजेत. यालाच लोक सीएसआर फंड म्हणतात. पहिल्या वर्षी देशभरात दहा हजार कोटींच्या आसपास खर्च झाला. २०२२-२३ पर्यंत तो आकडा जवळजवळ तीस हजार कोटींवर गेला. २०२१ पासून नियम आणखी कडक झाले आणि न खर्चिलेला पैसा कंपनीला आपल्याकडे ठेवता येत नाही. म्हणजे वस्तीत येणारा साहेब उपकार करायला येत नाही, तो कायद्याने ठरवलेली रक्कम खर्च करायला येतो. त्याच्यापुढे हात जोडून उभे राहण्याचे कारण नाही.

ही रक्कम कशावर खर्च करावी याची यादी कायद्याला जोडलेल्या सातव्या अनुसूचीत आहे. शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी ही कामे त्यात आहेतच, पण सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या समाजघटकांची विषमता कमी करणे हेही काम तिथे लिहिलेले आहे. हे कलम आपल्या किती कार्यकर्त्यांनी वाचले आहे? आणखी एक अडचण सांगून ठेवतो. हा पैसा कंपनी दुसऱ्या संस्थेमार्फत खर्च करते तेव्हा ती संस्था नोंदलेली, आयकराची १२-अ व ८०-जी प्रमाणपत्रे असलेली आणि तशाच कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव असलेली लागते. आपली मंडळे जयंतीच्या वर्गणीचा हिशेब वहीत चोख ठेवतात, पण ही कागदपत्रे करीत नाहीत. मग आपल्या वस्तीच्या नावाचा पैसा शहरातल्या मोठ्या संस्थेच्या हातून येतो आणि आपल्याला फक्त टी-शर्ट घालून उभे राहायचे काम मिळते.

आता त्याच कायद्यातील दुसरी बाजू पाहा. कंपनीने स्वतःच्या कामगारांच्या सोयीसाठी केलेला खर्च या २ टक्क्यांत धरला जात नाही. का? कारण कामगाराला द्यायचे ते दान नव्हे, देणे आहे. त्याची मजुरी, त्याची सुरक्षितता, त्याचे आजारपण हे नफा मोजण्याच्या आधीचे हिशेब. ताईंच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. त्यांची चिठ्ठी कारखान्याने बुडवली तर नफा वाढतो, आणि वाढलेल्या नफ्याच्या २ टक्क्यांतून त्यांच्याच पोराला संगणक येतो!

हे नवे नाही. मुंबईच्या परळला वाडिया कुटुंबाने १९२६ मध्ये प्रसूतिगृह उभे केले, १९२९ मध्ये मुलांचे रुग्णालय. गिरणगावातील गोरगरीब बायकांवर या रुग्णालयांचे फार उपकार आहेत. आमच्या कित्येक वाचकांचा जन्मही तिथलाच असेल. त्यांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पण त्याच काळात, त्याच गिरणगावात, अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात पाऊल टाकता येत नव्हते. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि महाराच्या तोंडाचा धागा इतरांना विटाळाचा वाटे. विणकाम खात्यात मजुरी जास्त, म्हणून विटाळाचा हा नियम आपल्या माणसाला दरमहा पैशाने भोवत होता. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे मांडला आणि संपवाल्या पुढाऱ्यांनाही बजावले की ही मागणी सोडून चालणार नाही. यात अन्याय असला तरी त्याचा दोष आमच्याकडे नाही, असा गिरणीमालकांचा सूर होता. गिरणी मालकांची, यंत्रे मालकांची, नफा मालकांचा. विटाळ मात्र कामगारांचा!

उलट उदाहरणेही आहेत, तीही सांगितली पाहिजेत. जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. तिथे १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. अपघाताच्या भरपाईचा सरकारी कायदा व्हायला १९२३ साल उजाडले. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ पासून आठ तासांचा दिवस झाला. टाटांच्या नावाने इस्पितळे आणि शिष्यवृत्त्या पुष्कळ आहेत, पण आम्हाला मोठेपण वाटते ते या गोष्टींचे, कारण त्या कारखान्याच्या फाटकाच्या आत झाल्या. तरीही एका मालकाच्या चांगुलपणावर किती माणसांनी विसंबावे? शेजारच्या गिरणीचा मालक तसा नसला तर तिथल्या कामगाराने काय करायचे?

गांधीजींचे म्हणणे असे की धनवानाने स्वतःला संपत्तीचा विश्वस्त समजावे. बाबासाहेबांनी या विचारावर कठोर टीका केली आणि स्वतः मजूरमंत्री झाल्यावर वेगळी वाट दाखवली. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. १९४६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. त्याच वर्षी अभ्रकाच्या खाणीतील मजुरांसाठी कल्याणनिधीचे विधेयक त्यांनी मांडले. परदेशी जाणाऱ्या अभ्रकावर कर बसवायचा आणि तो पैसा मजुरांच्या पाण्यावर, दवाखान्यावर, मुलांच्या शिक्षणावर खर्च करायचा, अशी ती योजना. इथे कोणा शेठजीच्या नावाची पाटी नव्हती. खाणीतून माल निघाला की मजुराचा वाटा निघालाच पाहिजे, मालकाच्या मनात असो वा नसो.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या आयुष्यात मदतीचे मोल आणि तिची मर्यादा दोन्ही दिसतात. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या मदतीचे मोल कोण नाकारेल? करार असा की परत आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची. १९१७ मध्ये ते बडोद्याला गेले तेव्हा कचेरीतले शिपाई त्यांच्या अंगावर लांबून कागद फेकत, आणि राहायला जागा मिळेना. महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, पण कचेरीची रीत कोणी बदलली नव्हती.

शिष्यवृत्ती देऊ, पण नोकरीचे विचारू नका, ही भाषा अलीकडेही ऐकू आली. २००४ नंतर खासगी क्षेत्रातील आरक्षणाची चर्चा दिल्लीत जोरात सुरू झाली. २००६ मध्ये मोठ्या उद्योगसंघटनांनी उत्तर दिले की सक्ती नको, आम्ही स्वेच्छेने करू: शिकवण्या, प्रशिक्षण, शिष्यवृत्त्या. चांगलेच आहे. पण २००७ मध्ये प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले होते. पात्रता सारखी, फरक फक्त आडनावाचा. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावापेक्षा कमी निघाली. म्हणजे प्रशिक्षण घेऊनही पोरगा फाटकाबाहेरच. मग त्या प्रशिक्षणाचा खर्च वार्षिक अहवालात छापून येतो, फोटोसह.

आपल्या घरोघरी अनाथपिंडिकाची गोष्ट सांगितली जाते. जेतवनाच्या जमिनीवर सुवर्णमुद्रा पसरणारा तो व्यापारी मुलांना फार आवडतो. सिगालोवाद सुत्तातील पाच गोष्टी मात्र तितक्या सांगितल्या जात नाहीत. मालकाने सेवकाला शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी. हे सर्व दानाच्या सदरात नाही, कर्तव्याच्या सदरात आहे. पाचांपैकी तीन जरी त्या कुंपणापलीकडे पाळल्या जात असत्या, तर ताईंना उभे राहावे लागले नसते.

बैठक पुढे दोन तास चालली. एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "दोन विषय एकत्र करू नका, हातचे संगणक जातील." त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. एका तरुणाने मुद्दा काढला की १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून तत्त्व स्पष्ट आहे, ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने भरायची. आता तो कायदा नव्या कामगार संहितांमध्ये गेला असला तरी तत्त्व तेच आहे. पण सही कोणी करायची? बायकांनी केली तर सोमवारी फाटकावरून परत पाठवतील. शेवटी ठरले की दोन पत्रे द्यायची, दोन्हींवर सही मंडळाची. पहिल्यात: संगणक स्वीकारतो, पाटी आतल्या भिंतीवर लावू, मुले मात्र आपल्याच कपड्यांत येतील. दुसऱ्यात: ठेकेदाराकडच्या सर्व कामगारांना पगाराची चिठ्ठी, पीएफचा नंबर आणि ईएसआयचे कार्ड द्यावे.

पहिल्या पत्राचे उत्तर आठ दिवसांत आले, संगणकही आले. दुसऱ्याचे उत्तर आलेच नाही. पण अडीच महिन्यांनी ठेकेदाराच्या मुकादमाने काही बायकांच्या हातात चिठ्ठ्या ठेवल्या. ताईंच्या चिठ्ठीवर कामाला लागल्याची तारीख होती या वर्षीच्या जूनची.

आम्ही पुन्हा वस्तीत गेलो तेव्हा ताई ती चिठ्ठी घेऊन अभ्यासिकेतच आल्या होत्या. खिडकीजवळच्या संगणकावर त्यांचा मुलगा बसला होता. चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "हा पीएफचा नंबर यात टाक, आणि आधीच्या नऊ वर्षांचे पैसे कुठं गेलेत ते बघ."