फायबरच्या होडीवरचा जुना रंग

लाकडी होडीचा जुना रंग आगीने पोळून काढतात. फायबरला ते चालत नाही. रंगाखाली जेमतेम अर्धा मिलिमीटर जेलकोट असतो, तोही रेझिनचाच. त्यामुळे रंग सोडवणारं मेथिलीन क्लोराइड त्यालाही मऊ करतं. म्हणून मी लांबी लावायची पट्टीच सुचवेन, कोपरे गोल घासलेली. वेळ लागतो, लागू द्यावा. उरलेला रंग पाणी मारत पॉलिश पेपरने घासावा, कोरडा कधीच नाही. तळाच्या रंगात शेवाळ-शिंपले रोखणारं तांबं असतं. फार जुन्या थरांत ट्रायब्यूटिल टिनही सापडतं. त्याने मादी समुद्री गोगलगाईंना नराची इंद्रियं फुटतात (२००८ साली लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यावर बंदी आली). तेव्हा नाकाला नुसता रुमाल पुरत नाही, धूळ अडवणारा मास्क हवा. होडीखाली ताडपत्री अंथरावी आणि खरवड भरतीआधी उचलावी. खाडीतली कालवं तांबं अंगात साठवतात.