चिंचोके काय सांगतात

स्वयंपाकघरातून वीस चिंचोके आणा. नसतील तर शेंगदाणे चालतील. आता कागदाचे सात-आठ तुकडे करून एकेकावर एकेक शब्द लिहा : आई-वडील, तब्येत, पैसा, मुलं, नोकरी, दोस्तमंडळी, गाणं... जे तुमचं असेल ते. तुकडे टेबलावर मांडा आणि त्यांच्यात चिंचोके वाटा. ज्याचं मोल जास्त, तिथे जास्त. अट एकच, एकविसावा चिंचोका मिळणार नाही.

पाहिलंत, हात कसा अडखळला? मघापर्यंत सगळंच महत्त्वाचं होतं. मनात गर्दी होत नाही. तिथे दहा गोष्टी एकाच वेळी पहिल्या नंबरावर बसतात. टेबलावर मात्र तब्येतीला आणखी एक चिंचोका द्यायचा तर तो कुणाच्या तरी वाट्यातून उचलावा लागतो. तो उचलताना पोटात जे काही हलतं ना, तेच तर आपण शोधत होतो!

बेंजामिन फ्रँकलिनला हे कळलं होतं. जोसेफ प्रीस्टली हा त्याचा शास्त्रज्ञ मित्र नवी नोकरी घ्यावी की नाही या पेचात होता. १७७२ साली फ्रँकलिनने त्याला लंडनहून पत्र लिहिलं. काय करावं हे सांगितलं नाही, कसं ठरवावं ते सांगितलं. दोन्ही बाजूंची कारणं मनात कधी एकत्र हजर नसतात, एक आलं की दुसरं नजरेआड होतं. म्हणून कागदावर मधोमध रेघ मारायची, तीन-चार दिवस दोन्हीकडे कारणं टिपत राहायचं आणि मग सारख्या वजनाची कारणं समोरासमोर खोडायची.

पण जिव्हाळा ही काही जागेत मांडायची वस्तू आहे का? मग आपण ‘जवळचा’ मित्र आणि ‘लांबचा’ नातेवाईक का म्हणतो? दोन भावांत ‘अंतर’ का पडतं? एखादा माणूस मनातून ‘उतरतो’ तो कुठून कुठे? आपली भाषा कधीपासून नकाशा काढतेच आहे.

आणि मेंदूही! १९७१ साली लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदरांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर एका ठराविक जागी आला की चेततात. २००५ मध्ये नॉर्वेत मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांच्या गटाला त्याहून अजब काही दिसलं. उंदीर पेटीभर हिंडत असताना एकच पेशी अनेक ठिकाणी चेतत होती, आणि ती ठिकाणं कागदावर उतरवली तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी! उंदराच्या डोक्यात आलेखाचा कागद. या शोधांना २०१४ चं नोबेल मिळालं.

खरी गंमत पुढे आहे. २०१६ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी माणसांना पक्ष्यांची चित्रं दाखवली. पक्ष्याची मान लांब-आखूड व्हायची, पाय लांब-आखूड व्हायचे, आणि हा बदल पुढे कसा जाईल ते पाहणाऱ्यांनी मनात कल्पायचं. माणसं मेंदूचं स्कॅन करणाऱ्या यंत्रात निपचित पडलेली, कुणी पाऊलही टाकलेलं नाही. तरी मेंदूच्या नोंदींत त्याच षट्कोनी जाळीच्या खुणा! पक्ष्यांच्या त्या दुनियेतही मेंदू जणू रस्ते शोधत होता. टेबलावरचे तुकडे मागेपुढे सरकवताना आपण मेंदूला त्याच्या मातृभाषेत बोलू देत असू, असं मला मनापासून वाटतं.

आता सर्वांत सुंदर नकाशा. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून भारतातल्या कित्येक खेड्यांत कार्यकर्ते गावकऱ्यांबरोबर जमिनीवर बसू लागले. रांगोळीने गाव काढायचं, बियांचे ढीग करून निवड सांगायची. ब्रिटनचे रॉबर्ट चेंबर्स यांनी ही पद्धत जगभर पोहोचवली. त्यातल्या एका खेळात कागदाची लहान-मोठी वर्तुळं असतात : पंचायत, बँक, दवाखाना, शाळा. जे महत्त्वाचं त्याचं वर्तुळ मोठं. ज्याच्याशी गावाचा संबंध दाट ते गावाच्या जवळ, ज्याचा गावाला उपयोगच होत नाही ते दूर. या वर्तुळांना नाव पडलं चपाती! चपाती-आकृती. लिहिता-वाचता न येणारी आजीही वाकून म्हणू शकते, ‘ही हितं नाही, तिकडं सरकवा.’

या चपात्यांची करामत लक्षात आली? आकार एक गोष्ट सांगतो, अंतर दुसरी. दवाखान्याची चपाती भली मोठी आणि पार टोकाला असेल, तर गावाचं दुखणं एका नजरेत दिसतं.

तर चिंचोके बाजूला ठेवा आणि स्वतःच्या चपात्या कापा. ज्याला जास्त चिंचोके दिलेत, त्याची चपाती मोठी. मधोमध एक टिंब काढा, ते तुम्ही. आता अंतर. ते मनाने ठरवू नका, गेल्या आठवड्यावरून ठरवा. आठवड्याचे तास १६८. रोज आठ तास झोप धरली तर उरतात ११२. ते जिथे गेले ती चपाती टिंबाला खेटून ठेवा, जिथे तासभरही गेला नाही ती टेबलाच्या कडेला. आणि मग उभे राहून वरून पाहा.

कडेला एखादी मोठी चपाती आहे? नाव वाचा. बोटाने तिला वीतभर आत ओढा.

कुणाला सरकावं लागलं?