घरच्या कॉकपिटची बटणे

वैमानिकी शिकण्याची फी आपल्या घरांना झेपणारी नाही. पण उड्डाणाचा सराव देणारा सिम्युलेटर संगणकावर चालतो आणि त्याचे कॉकपिट प्लायवूडवर उभे राहते. आमच्या कोडोलीतल्या वायरिंग करणाऱ्या पोरांनी हे जरूर करावे, असे आम्हांस वाटते.

१६ बटणांना १६ वायरी कशाला? ४ आडव्या, ४ उभ्या ओळी केल्या की ८ वायरींत भागते. मात्र टॉगल बटणे लावली की चालूच राहतात. चौकोनातली तीन चालू असली की चौथे न लावताच चालू दिसते. म्हणून प्रत्येक बटणाला एक डायोड, सगळे एकाच दिशेने. वायरी आर्डुइनो लिओनार्डो या छोट्या बोर्डाला जोडाव्यात. योग्य प्रोग्राम भरला की संगणक त्याला जॉयस्टिक समजतो. वीज यूएसबीची, ५ व्होल्ट. (घरच्या २३० व्होल्टला इथे थारा नको!) सिम्युलेटरमध्ये 'चालू' आणि 'बंद' हे हुकूम वेगवेगळे नेमावेत.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे वैमानिक जमिनीवर उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकांचीच कळ ओढत, आणि विमान पोटावर बसे. दोष वैमानिकांवर जाई. १९४३ मध्ये अल्फोन्स चॅपनीस यांनी पाहिले, दोन्ही कळा सारख्याच आणि शेजारीशेजारी! त्यांनी एकीला रबरी चाक लावले, दुसरीला पाचर. आपल्या फळीवर चाकाच्या जागी जाड रबरी वॉशर चालेल.