लेदर बॅग घेताय? आधी कड बघा!

धारावीच्या लेदर बाजारात जाणार असाल तर 'जेन्युइन लेदर' या शिक्क्यावर भाळू नका. चामडं आहे, एवढंच तो सांगतो; कुठल्या थराचं, ते नाही. कातडीचा वरचा, न घासलेला थर म्हणजे फुल ग्रेन. टिकाऊ तोच. खालच्या थराला स्प्लिट म्हणतात. लेप चढवून तोही झकास चमकवतात. बॉन्डेड म्हणजे चामड्याचा चुरा चिकटवून केलेली शीट. माझ्या मते फुकटही घेऊ नये!

अंगठ्याने दाबा. चांगल्या चामड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या उमटतात. मग खिशाच्या आतली न रंगवलेली कड शोधा. तिथे तंतू दिसायला हवेत. विणलेलं कापड दिसलं की रेक्झिन समजा. आणि हो, पावसाळ्यात बॅग प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, बुरशी धरते.