जुनी मोटारसायकल आणि वीस टक्के इथेनॉल

मणिबेलीकडे निघायचं तर आधी टाकी बघावी लागते. अक्कलकुवा तालुक्यातलं नर्मदाकाठचं हे गाव सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रात सर्वात आधी बुडालेलं. दिल्लीतला निर्णय आपल्या दारात कसा येतो, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सातपुड्याच्या या रस्त्यांवर पेट्रोल संपलं की दुकानातल्या बाटलीवर भागवायचं.

उन्हाळी सुट्टीत अर्ध्या टाकीवर महिनाभर उभी राहिलेली माझी २०१४ सालची गाडी जूनमध्ये सुरूच होईना. मिस्त्रीने कार्बोरेटर उघडला. जेट कचऱ्याने बंद, रबरी नळी फुगलेली. म्हणाला, "सर, टाकीत पाणी उतरलंय." अम्मींचा प्रश्न मात्र निराळाच: "पेट्रोल में शराब मिलाते हैं क्या रे?"

इथेनॉल हे अल्कोहोलच. उसाची मळी, उसाचा रस, मका, तांदूळ यांपासून ते बनतं. पण इथे ते जळण आहे, कुणी पीत नाही. मसला उलेमांना विचारावा, मी इंजिनाचं सांगतो.

२०३० पर्यंत वीस टक्के मिश्रण करायचं ठरलं होतं. पुढे ती मुदत २०२५-२६ वर आणली गेली. दहा टक्के २०२२ मध्ये झालं, फेब्रुवारी २०२३ पासून ई-२० विकायला लागले आणि २०२५ मध्ये देशाने वीस टक्के गाठले. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, ते परकीय चलन वाचावं आणि ऊसवाल्याच्या, मकावाल्याच्या हातात पैसा यावा, हा हेतू. तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही.

पण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की, जुन्या धाटणीच्या दुचाकीचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्के आणि चारचाकीचं ६ ते ७ टक्के घटू शकतं. महिन्याला तीस लिटर पेट्रोल लागत असेल तर दुचाकीवाल्याचा एक लिटर गेला. पगारदाराला ते जाणवणार नाही, डोंगरात फेरी करून कापड विकणाऱ्याला जाणवेल.

दुसरं असं की इथेनॉल पाणी ओढून घेतं. हवेतला ओलावा, झाकण सैल असलेली बाटली, पावसाळ्यात उभी गाडी. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिनाला आधी तेच मिळतं. टाकीतली जुनी घाणही ते सोडवतं आणि ती जेटमध्ये अडकते. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. इंजेक्शनची गाडी तेवढं पेट्रोल वाढवून घेते, कार्बोरेटरला ते जमत नाही, मग गाडी सकाळी रुसते. माझी नळी दहा वर्षांची होती हेही खरं, सगळा दोष इथेनॉलवर ढकलणार नाही.

एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग ई-२० ला चालतील असे आहेत. त्याआधीच्या लाखो गाड्यांचं काय? पंपावर निवड नाही. साधं पेट्रोलही ठेवा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. माझी तक्रार इथेच आहे. मिश्रण करा, पण जुन्या गाडीवाल्याला दुसरी नळी तरी ठेवा.

तोवर मी नळी आणि वॉशर बदलून घेतलेत. गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवतो, सुट्टीला जाताना कार्बोरेटर रिकामा करतो. आणि बाटलीतलं पेट्रोल घ्यायचीच वेळ आली तर आधी उजेडात धरून बघतो, तळाशी वेगळा थर दिसतो का.