बिऱ्हाड कोठे करावे?

नोकरदार माणसाची बदली झाली किंवा निवृत्तीची रक्कम हाती आली, की घरात एकच चर्चा सुरू होते : बिऱ्हाड कोठे करायचे? गावी वडिलोपार्जित घर असते, तालुक्याच्या ठिकाणी प्लॉट स्वस्त मिळतो. तरीही मराठवाड्यातील आपली कितीतरी कुटुंबे छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, भाड्याच्या दोन खोल्यांत राहणे पसंत करतात. लोक याला शहराची हौस म्हणतात. आम्हाला ते पटत नाही.

निजामाच्या राजवटीत उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद, आणि तेथील उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. खेड्यातील आपल्या मुलाने तेथवर पोचायचे कसे? ही अडचण ओळखून बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० साली येथे महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. निर्भयपणे प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि उत्तरे देणारे भिक्खू नागसेन यांच्या नावांनी हा परिसर ओळखला जातो. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून समाजाने मार खाल्ला, घरे जळताना पाहिली, तेव्हा १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला.

म्हणून येथील राहणीमान केवळ फरशी आणि फर्निचर पाहून मोजू नये. मुलगी कॉलेज करून दुपारी घरी जेवायला येते, त्यामुळे तिचे शिक्षण मध्येच सुटत नाही. मुलगा अभ्यासिकेत बसतो. संध्याकाळी एखादे व्याख्यान फुकट ऐकायला मिळते. प्रा. गंगाधर पानतावणे यांनी याच शहरातून ‘अस्मितादर्श’ चालवले आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुणांना लिहिते केले. असे वातावरण पैसे मोजून विकत मिळत नाही.

खर्चाची बाजूही लपवू नये. पैठणचे जायकवाडी धरण सुमारे ५० किलोमीटरवर असूनही येथील अनेक वस्त्यांनी वर्षानुवर्षे नळाच्या पाण्याची दिवस मोजून वाट पाहिली आहे. भाडे पगाराचा मोठा वाटा खाते. आडनाव ऐकताच “खोली कालच गेली” असे सांगणारे घरमालक आम्हालाही भेटले आहेत. आणि गावी म्हातारे आई-वडील एकटे पडतात.

एवढे सोसून आपण जे मिळवले, ते आपल्याच उंबरठ्याच्या आत ठेवायचे काय? दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत गावाकडची पोरे पत्र्याची पेटी घेऊन स्टँडवर उतरतात. वसतिगृहाची यादी लागेपर्यंत त्यांना पाठ टेकायलाही जागा नसते. ज्यांचे येथे स्वतःचे घर झाले आहे, अशा प्रत्येक कुटुंबाने गावच्या एका विद्यार्थ्याला, त्यातही मुलीला, तेवढे दिवस आसरा द्यावा. घरातल्या ताटांत आणखी एक ताट वाढवणे फार जड नाही.

माता-भगिनींनो, यंदा घरी हा विषय तुम्हीच काढा. जयभीम!