कोंडिबा, उकंडा आणि नकुसा

जिंतूर तालुक्यातले चारठाणा हे गाव आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. जुन्या देवळांसाठी ते नावाजलेले आहे. तिथे गोकुळेश्वराचे देऊळ आहे, तसे उकंडेश्वराचेही आहे. परगावचा माणूस गोकुळेश्वर हे नाव सहज घेतो, उकंडेश्वर म्हटले की मात्र थबकतो. कारण आपल्याकडच्या बोलीत उकंडा म्हणजे उकिरडा. देवाच्या या नावामागची हकीकत गावातल्या जाणत्यांनीच सांगावी. मला विचारायचे आहे ते वेगळे. तुमच्या आमच्या गावात उकंडा नावाचा, किंवा जरा मानाने उकंडराव म्हणवला जाणारा एखादा म्हातारा होता ना? मग त्याच्या आईबापांनी पोटच्या लेकराला उकिरड्याचे नाव का बरे दिले असेल?

आपण शिकलेली माणसे याला पटकन उत्तर देतो : अडाणीपणा! मीही एके काळी हेच म्हणत असे. ते किती चूक होते हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

आधी बारसे डोळ्यांसमोर आणा. बाराव्या दिवशी पाळणा सजतो, बायका जमतात, आत्या लेकराच्या कानात नाव सांगते आणि ‘कुर्र’ करते. लगेच बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. मोठ्या आनंदाचा प्रसंग! पण या बाराव्याच्या आधी पाचवी असते आणि सटवाईची रात्र असते. सटवाई येते नि लेकराच्या कपाळी नशीब लिहून जाते अशी समजूत. त्या काळी लेकरू बारा दिवस जगेल की नाही हीच धास्ती असे. घटसर्प, धनुर्वात, देवी, हगवण, यांतून कोणते मूल वाचेल हे कोणी सांगावे? पाळण्यात हसणारे लेकरू आठ दिवसांत मातीआड झाल्याचे त्या आयांनी डोळ्यांनी पाहिले होते. एकदा नव्हे, दोनदा, तीनदा.

अशा घरात पुढचे मूल झाले की आई नाव ठेवीत नसे, ती लेकराला लपवीत असे. मृत्यूला किंवा वाईट नजरेला वाटावे की हे काही न्यावे असे मोलाचे नाही : नुसता दगड आहे, धोंडा आहे, केर आहे, कचरा आहे. म्हणून दगडू, धोंडिबा, केरबा, कचरू. म्हणून उकंडा. भीक मागून मिळवलेले मूल तो भिकाजी, भिकू.

माझ्या वडिलांचे नाव कोंडिबा. त्यांच्या आधीची दोन भावंडे गेली होती. हे झाल्यावर आजीने त्यांना सुपात घालून शेजारणीच्या ओटीत दिले आणि सूपभर कोंडा देऊन परत विकत घेतले. लेकरू आता आपले नव्हे, कोंड्याच्या भावाने आणलेले परके आहे, असा तो देखावा. ही चाल पुष्कळ ठिकाणी होती. आजीने मला हे सांगितले तेव्हा मी शाळकरी पोर होतो. हसलो होतो.

पुढे मी शहरात कॉलेजला गेलो. आपल्या महाराष्ट्रात बापाचे नाव मुलाच्या नावाला आयुष्यभर चिकटलेले. हजेरीत पूर्ण नाव पुकारले की मागच्या बाकावरून खसखस ऐकू येई. मी काय केले? वर्षभरात नुसते ‘को.’ लिहू लागलो. वडील एकदा खोलीवर आले होते, त्यांनी वहीवरचे ते ‘को.’ पाहिले. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

खरे पाहता या नावांनी लाजण्यासारखे काही केलेले नाही. १६७३ साली मूठभर माणसे घेऊन पन्हाळा काबीज करणारा कोंडाजी फर्जंद नावाने कोंडाच होता. महर्षी कर्वे धोंडो होते. पुण्याच्या ज्या गणपतीपुढे आज लाखो लोक हात जोडतात, तो दगडूशेठांच्या नावाने ओळखला जातो. आणि निजामी अंमलाविरुद्धच्या लढ्यात उभ्या राहिलेल्या जालन्याकडच्या दगडाबाई शेळके! मराठवाड्याची झाशीची राणी म्हणून लोक त्यांना ओळखतात.

नावे नवसाचीही असतात. औंढ्याच्या नागनाथाला साकडे घातले, तो नागनाथ, नागोराव. खंडोबाचा तो खंडू. आपल्या परभणी जिल्ह्यातले मुंजाजी हे नाव पुण्या-मुंबईच्या माणसाला नवे वाटते, इथे गावागावात आहे. पिराजी आणि फकीरा ही नावे हिंदू घरांत सर्रास सापडतात, कारण नवस बोलताना आईने देऊळ आणि दर्गा यांत फारसा फरक केला नाही. शिवाजीमहाराजांचे वडील शहाजी आणि चुलते शरीफजी यांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवली, असे जुन्या बखरी सांगतात.

हे सारे फक्त आपल्याकडेच आहे असे समजू नका. महाबळेश्वरची माल्कम पेठ ऐकून माहीत असेल. १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर जॉन माल्कम यांच्यावरून ते नाव पडले. हे माल्कम स्कॉटलंडचे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि आयर्लंडात गेलिक नावाच्या जुन्या भाषा आहेत, त्यांतले हे नाव. अर्थ असा : कोलंबाचा मुंडन केलेला शिष्य. कोलंबा हा ख्रिस्ती संत. ५६३ साली तो आयर्लंडातून आयोना बेटावर आला. म्हणजे माल्कम काय नि आपला पिराजी काय, जात एकच : संताच्या पायाशी घातलेले लेकरू! मुंबई इलाख्याचे गॅझेटियर संपादणारे जेम्स कँपबेल घ्या. कँपबेल म्हणजे वाकड्या तोंडाचा. कोण्या पूर्वजाला गावाने चिडवले, ते आडनाव होऊन बसले, आणि तो बडा साहेब ते सहीत लिहीत राहिला. ‘को.’ करून झाकले नाही. गेलिक आडनावांत ‘मॅक’ येतो तो मुलगा या अर्थी. बापाचे नाव तिथेही सुटत नाही. त्याच आयरिश भाषेत ‘सीर्शा’ म्हणजे स्वातंत्र्य. १९२२ साली आयरिश राज्य उभे राहिले त्या सुमारापासून लोक हा शब्द मुलींचे नाव म्हणून ठेवू लागले. आपल्याकडे नाही का घरोघर भारत, सुभाष आणि जवाहर जन्मले?

मग उकंडा, केरबा आता का जन्मत नाहीत? आपण सुधारलो म्हणून? मला तसे वाटत नाही. देवीची लस आली; १९७५ साली भारतातला देवीचा शेवटचा रोगी सापडला. पुढे गोवर, धनुर्वात, पोलिओ यांच्या लसी गावच्या उपकेंद्रात मिळू लागल्या. लेकरू जगणार असा भरवसा आला आणि त्याला लपवायची गरज संपली. आता आई पुस्तकातून गोंडस नाव शोधते. त्यातले काही अर्थ छापणाऱ्यानेच रचलेले असतात, पण ते असो.

एक नाव मात्र या रांगेत बसवू नका. नकुसा, नकोशी. दगडू हे नाव लेकरू राहावे म्हणून होते. नकुसा हे नाव पुढची मुलगी येऊ नये म्हणून. आधीच्या मुलींवर आणखी एक झाली, तिला म्हणायचे नको होतीस. दोन्ही नावे ऐकायला सारखीच कडू, पण एकात माया आहे आणि दुसऱ्यात ती नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा मुली शोधून काढल्या आणि अडीचशेहून अधिक मुलींनी समारंभपूर्वक नवी नावे घेतली. कित्येकींनी ती स्वतः निवडली. हे काम शाळेतल्या हजेरीपटावरून सुरू होऊ शकते, म्हणून शिक्षक मंडळींना मुद्दाम सांगतो.

तुमचा हात नावाला नेहमीच लागत आला आहे. आमच्या वडिलांच्या पिढीला एक जून ही जन्मतारीख गुरुजींनीच दिली, आणि ग्यानबाचा ज्ञानोबाही त्यांनीच केला. काही ठिकाणी उकंड्याचा उत्तम झाला. ते मायेने केले असेल, पण घरी विचारून केले असते तर बरे. हाक कोणत्या नावाने मारायची हे मुलाला आणि त्याच्या आईला विचारावे. कागदावरचे नाव बदलायचे तर राजपत्रात प्रसिद्ध करावे लागते. जन्मनोंद नावाशिवाय झाली असेल तर बारा महिन्यांच्या आत नाव फुकट चढवता येते, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

आता आणखी एक नवी गोष्ट. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे राज्यातल्या सरकारी कागदांवर आधी आईचे नाव, मग बापाचे, मग आडनाव लिहायचे आहे. ही लेकरे थोड्याच वर्षांत पहिलीच्या वर्गात येतील. त्यांतल्या एखादीच्या आईचे नाव नकुसा असेल, आजोबाचे दगडू असेल. पहिल्या दिवशी हजेरी घेताना तुम्ही ते पूर्ण नाव मोठ्याने वाचाल, आणि मागचा बाक तुमच्या तोंडाकडे पाहत असेल.

माझे म्हणाल तर वडील गेल्या पावसाळ्यात वारले. मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जावर त्यांचे नाव लिहिले, खाली माझी सही केली. ‘को.’ असे लिहून हात थांबला. मग पुढचे ‘कोंडिबा’ पुरे केले.